कारागिराच्या मुठीतली बटणं

आमच्या दोन दुकानांमध्ये भिंत अशी नाहीच, प्लायवूडचं एक फळकूट आहे. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे त्याचा आरसा. मी मशीन जोरात चालवलं की त्याच्या फळीवरच्या बाटल्या थरथरतात, ही त्याची पंचवीस वर्षांची तक्रार. गिऱ्हाइकांना सांगितलेला त्याचा प्रत्येक विनोद मी फळकुटाआडून ऐकलाय. त्यातले निम्मे माझ्यावरचे असतात. शिंप्याने एकदा चुकून ठरल्या दिवशी कपडे दिले आणि गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं, हा त्याचा आवडता.

त्याला सगळा रस्ता कारागीर म्हणतो. सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत. एक त्याची, दुसरी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ गेल्यापासून त्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसतो, आणि कोणी तो उचलून तिथे टेकायला गेलं तर कारागीर नुसता बघतो, की माणूस आपणहून बाकावर जातो. माझी दाढी मी आयुष्यात स्वतः केलेली नव्हती. एक दिवसाआड सकाळी नऊला मी त्याच्या खुर्चीत असायचो. त्याचा वस्तरा गालावरून जायचा तो कळायचाच नाही. तो "झालं" म्हणायचा तेव्हा मला वाटायचं, हा अजून सुरूच कुठे झालाय.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी त्याने फळकुटावर टकटक केलं. "अरे शिंप्या, मशीन थांबव जरा. हात हलतोय माझा."

मी मशीनवर नव्हतोच. वीज गेली होती, मोटार बंद होती, मी खडूने पँटचं कापड आखत उभा होतो. पलीकडचा पंखाही बंदच असणार, पण ते त्याच्या ध्यानात आलं नसावं. मी खडू कापडावर ठेवला आणि म्हणालो, "थांबवलं."

का म्हणालो? तेव्हा वाटलं, सोपं आहे म्हणून. एक शब्द तर होता. पुढचं सगळं त्या एका शब्दातून आलं, म्हणून आधी तो सांगून टाकला. नाहीतर तुम्हांला वाटेल मी फार भला माणूस आहे.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. त्याचा उजवा हात मोकळा असला की हलायचा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, सुई ओवायच्या आधी आपण दोऱ्याचं टोक वळतो तशी. वस्तरा गालाला टेकला की थांबायचा. त्यामुळे त्याने युक्त्या काढल्या होत्या. आधी करंगळी गालावर रोवायची, मग वस्तरा आणायचा. मधे थांबायचं असलं की हात टॉवेलमध्ये गुंडाळायचा. कोणी बघतंय असं वाटलं की विनोद सांगायचा. दीड वर्षात त्याने इतके विनोद सांगितले की आधीच्या दहा वर्षांत सांगितले नसतील.

आणि आम्ही सगळे ओळखून होतो. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं? मान हलवायची नाही, हात कापडाखाली, समोर आरसा. स्वतःचं थोबाड बघून बघून किती बघणार? माणूस कारागिराचे हात बघत बसतो. त्यामुळे कोणी कोणाला न सांगता एक रीतच पडून गेली. वस्तरा उचलला गेला की बोलायचं नाही, गिळायचं नाही, शिंक आली तर आधी हात वर करायचा. एकदा मास्तरांच्या कानामागे लागलं, चांगलं रक्त आलं. मास्तर म्हणाले, "माझीच मान हलली." मास्तरांची मान त्यांच्या तरुणपणीही कधी हललेली कोणी पाहिलेली नाही.

हे मास्तर म्हणजे आमचे निवृत्त गणित-मास्तर. अर्ध्या रस्त्याने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे. त्यांच्यानंतर सांगायचा तो विमावाला. वयाने आमच्याहून लहान, खिशात कायम दोन पेनं आणि एक योजना. पोकर आणलं ते त्याने.

तो खुर्चीत बसून सांगत होता आणि मी पलीकडून ऐकत होतो. फोनवर खेळतो म्हणे, महिन्याचं घरभाडं सुटतं. घालवतो किती, ते सांगितलं नाही. कारागीर हं हं करत होता, केसांवर कात्री चालू होती. मग विमावाला म्हणाला, "पत्त्यांचा खेळच नाही हा, कारागीर. माणसं वाचायचा खेळ आहे. समोरच्याचा चेहरा वाचता आला की पत्ते कसेही येऊ देत."

कात्रीचा आवाज थांबला. मी इकडे मनात म्हटलं, गेला हा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला, माझ्या कापडाच्या ताग्यांवर टेकला आणि हात मांडीखाली घालून बसला. "दुसऱ्या खुर्चीवर माणूस ठेवावा म्हणतो," तो म्हणाला. मी दचकलो. भावाच्या खुर्चीचा विषय त्याने स्वतः कधी काढला नव्हता. "वस्तऱ्याचं काम त्याच्याकडे देईन, मी नुसती कात्री धरीन. त्याच्या पगाराइतके जास्तीचे सुटले, की झालं."

"का रे? तुला काय झालंय?" मी विचारलं. इतका साळसूद चेहरा मी कधी केला नसेल.

"पाठ दुखते उभं राहून."

"हां, पाठ."

"आणि पगाराचं काय, ते काढू पोकरमधून. पंचवीस वर्षं लोकांचे चेहरे या हातांत धरलेत मी. कोण थापा मारतोय ते मला जबड्यावरून कळतं. तू खोटं बोललास की तुझी डावी दाढ आवळली जाते, माहीत आहे तुला?"

मी दाढ सैल सोडली. पण खरं सांगतो, मला त्याचं म्हणणं पटलंही. चेहरे वाचण्यात तो पक्का होता. घरात भांडण झालंय की पगारवाढ झालीय, ते तो साबण लावतानाच सांगायचा. आणि पत्ते धरायला करंगळी रोवावी लागत नाही, हा त्याचा हिशेब त्याने बोलून दाखवला नाही तरी मला कळत होता.

सुट्टीच्या वाराला दुपारी सलूनचं शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो. स्टुलावर माझी कापड बेतायची फळी टाकली, तेच टेबल. पहिल्याच दिवशी घोडं अडलं, कारण चारी बाजूंना आरसे. मास्तरांचे पत्ते मला दिसत, माझे विमावाल्याला. तेव्हा कारागिराने गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायची पांढरी कापडं सगळ्या आरशांवर टांगली. सोंगट्या हव्या होत्या, त्या मी दिल्या. शर्टाचं बटण दहाचं, कोटाचं पन्नासचं. उठताना ज्याची जितकी बटणं, तितके पैसे.

खेळ विमावाल्याने शिकवला. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकून. मधे सगळ्यांचे मिळून पाच, ते टप्प्याटप्प्याने उघडायचे. दर टप्प्याला बोली लावायची, नाहीतर पत्ते टाकून डावातून उठायचं. शेवटी ज्याची जुळणी वरची, त्याचे पैसे. पण गंमत अशी की जवळ काही नसतानाही मोठी बोली लावून बाकीच्यांना पळवून लावता येतं. "थापा मारायची अधिकृत सोय," मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसून खेळायला बसले.

पहिला महिना कारागिराने आम्हांला धुऊन काढलं. विमावाल्याकडे चांगले पत्ते आले की त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होते. मास्तर थाप मारायच्या आधी नाक फुगवतात. माझी दाढ तर काय, सांगितलंच. तो आमच्याकडे बघत राही आणि गोडीत म्हणे, "टाका मास्तर, टाका, उगाच कशाला." आणि मास्तर टाकत. एवढा खूश मी त्याला भाऊ गेल्यापासून पाहिला नव्हता. एकदा तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून त्याने भावाची खुर्ची फडक्याने पुसली. पुसली आणि गठ्ठा परत ठेवला.

मग मास्तर पँटची कंबर सैल करायला माझ्याकडे आले. मी टेप लावत असताना खालच्या आवाजात म्हणाले, "बटणं ऐकत जा."

"कसली बटणं?"

"त्याच्या मुठीतली. बोली लावायला घेतो ती. चांगले पत्ते आले की हाताकडे त्याचं लक्ष राहत नाही, मग बटणं वाजतात. थाप मारायची असली की तो हाताला आधी जपतो. गुडघ्यावर दाबून धरतो. मग आवाज नाही."

मी म्हटलं, "मास्तर, हे बरं नाही."

"मी कुठे म्हणतो बरं आहे? मी फक्त ऐकलं. आता ऐकू येतं त्याला मी काय करू?" आणि कंबर एक इंच वाढवा म्हणून सांगून गेले.

पुढच्या खेपेला मला पत्ते दिसेनातच, नुसते कान उभे. बटणं वाजली. कारागिराने बोली लावली. मास्तरांनी पत्ते टाकले, विमावाल्यानेही टाकले. म्हणजे त्याच्यापर्यंतही पोचलं होतं, किंवा तोही बहिरा नव्हता. मीही टाकले. कारागिराला डावात चिल्लर मिळाली. नंतरच्या डावात हात गप्प, बोली मोठी, आणि कोणी उठेना. त्या दिवशी तो हरला. त्याच्या पुढच्या खेपेलाही हरला. कट वगैरे काही नव्हता, कट करायला तोंड उघडावं लागतं. आम्ही आपले मूग गिळून त्याच्याकडे चांगलं असलं की पत्ते टाकत होतो आणि वाईट असलं की बसून राहत होतो.

मला झोंबायचं ते हेच. याच माणसाच्या खुर्चीत आम्ही एक दिवसाआड श्वास धरून बसत होतो, त्याचा हात सांभाळून घेत होतो. आणि सुट्टीच्या दुपारी तोच हात ऐकून त्याचे पैसे उचलत होतो. त्यातलं एक भलेपणाचं म्हणावं, तर दुसऱ्याला काय म्हणावं?

सांगून टाकावं, असं रोज वाटे. पण सांगणार कसं? तू हरतोस कारण तुझा हात हलतो, असं म्हटलं की तुझा हात हलतो हे आम्हांला माहीत आहे, हेही आलं. आणि ते कळल्यावर तो आमच्या गळ्यावर वस्तरा धरू शकला असता? ज्या भरवशावर तो रोज शटर उघडत होता, तो एवढाच होता की कोणाला दिसत नाही. न सांगावं तर पैसे जात होते, सांगावं तर धंदाच जात होता. मी शिंपी माणूस, उसवलेलं शिवायचं एवढंच मला येतं. इथे टाका घालायला जागा सापडेना.

म्हणून मी मला सुचला तो शहाणपणा केला. मुद्दाम हरायला लागलो. बटणं वाजली की पत्ते टाकायचो नाही, बसून राहायचो, त्याला जिंकू द्यायचो. दोन खेपा मी चांगला खड्ड्यात गेलो. परिणाम काय, तर तो मला चहा पाजत म्हणाला, "बघ, मधे माझा अंदाज चुकत होता, आता परत बसला. बोली वाढवायला हरकत नाही." आणि त्याने बोली वाढवल्या. कोटाचं बटण शंभराचं झालं. मी दिलेलं सगळं आणि त्यावर त्याचं स्वतःचं मास्तर आणि विमावाला घेऊन गेले.

आता वहिनींचं सांगतो. वहिनी म्हणजे त्याची बायको. माझ्याकडची काजं-बटणं आणि तुरपाई त्या घरी नेऊन करतात. इतकी वर्षं करतायत, त्यांच्या काजाला दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही. एका सकाळी त्या शर्टांचा गठ्ठा घेऊन आल्या, कारागीर अजून यायचा होता. गठ्ठा ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"भावोजी, यांच्या हाताचं तुम्हांला माहीत आहे ना?"

मी कात्री खाली ठेवली.

"यांना वाटतं मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "जेवताना डावा हात उजव्यावर ठेवतात. मी भांड्यांकडे बघत बसते. विचारलं तर मोडून पडतील, मला ठाऊक आहे ना." मग त्यांनी पदराने नाक पुसलं. "मोठ्या इस्पितळात दाखवायचं. तपासण्याच फार महाग आहेत, मी विचारून आले. तुमच्याकडून मिळतं ते मी पिठाच्या डब्यामागे ठेवते, गुंडाळी करून, तुम्ही दिलात ना तो जांभळा दोरा, त्याने घट्ट बांधून. बांधलेलं असलं की मोडायला हात धजत नाही. आता थोडेच कमी आहेत. पुढच्या महिन्यात मीच म्हणेन, माझी कंबर दाखवायची आहे, चला. तिथे गेल्यावर डॉक्टरच बघतील काय ते. पण तुम्ही बोलायचं नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. त्या वेळी बोलायची एक वाट उघडी होती. त्यांना सांगता आलं असतं की वहिनी, डब्याकडे लक्ष ठेवा. पण तो सुट्टीच्या दुपारी काय करतो ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांना वाटे आम्ही गप्पा मारतो. त्याचं गुपित माझ्याकडे, वहिनींचं माझ्याकडे, टेबलाचंही माझ्याकडे. नवऱ्यापासून बायकोचं झाकायचं, बायकोपासून नवऱ्याचं, आणि दोघांपासून आमचं. रात्री अन्न गोड लागेना, तेव्हा आमची ही म्हणाली, "पोटात काय गोळा आलाय का?" मी म्हटलं, हो, गोळाच आलाय.

पुढच्या खेपेला दुपारी चारच्या सुमाराला कारागिराच्या मुठीत शेवटची दोनच बटणं उरली. विमावाल्याने पत्ते वाटले होते, मधले पाचही उघडले होते. मला वाटलं, चला, आता हा उठेल. त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात डावा हात घातला आणि एक गुंडाळी काढून फळीवर ठेवली.

जांभळ्या दोऱ्याने बांधलेली.

तो दोरा या रस्त्यावर दुसऱ्या कोणाकडे असणं शक्यच नाही. एका नवरदेवाने जांभळा कोट शिवायला टाकला, लग्न मोडलं, कोट नेला नाही, उरलेलं रीळ मी वहिनींना दिलं होतं. गाठही त्यांचीच, काजाच्या शेवटी घालतात ती दुहेरी.

"मोज," तो विमावाल्याला म्हणाला. "सगळे."

"मोजायचे कशाला? तुमचा शब्द आहे ना," विमावाला म्हणाला, आणि त्याची घाटी वरखाली झाली नाही. तो कान देऊन ऐकत होता. आम्ही तिघेही ऐकत होतो. आरशांवर पांढरी कापडं, शटरखालून रस्त्याचा उजेड, आणि कारागिराचा उजवा हात गुडघ्यावर घट्ट दाबलेला. काही वाजलं नाही. त्याच्याकडे काही नव्हतं.

विमावाल्याने खिशाकडे हात नेला. मी ओरडलो, "थांब, माझी पाळी आहे!"

कापड आणायला काढलेले सगळे पैसे माझ्याकडे होते, सकाळीच पेढीवर जायचं राहिलं होतं. ते सगळे मी फळीवर ओतले. गुंडाळीच्या दुपटीहून जास्त. विमावाला माझ्याकडे बघत राहिला. बटणं एकेक मोजून देणारा मी, माझ्याकडे काहीतरी जबरदस्त असणार, असं त्याला वाटलं. त्याने पत्ते टाकले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, गुंडाळीकडे बघितलं, आणि त्यांनीही टाकले. मास्तरांना बहुतेक कळलं होतं.

कारागीर माझ्या जबड्याकडे बघत होता. हळूच हसला. "तुझ्याकडे काही नाही," तो म्हणाला. "टरकलायस नुसता."

बरोबर वाचलं होतं त्याने. माझ्याकडे पंजीची जोडी होती. एवढ्याशा पत्त्यांवर शहाणा माणूस शर्टाचं बटणही लावणार नाही. पण त्याच्याकडे तेवढंही नव्हतं. पत्ते उघडल्यावर तो माझ्या पंज्यांकडे बराच वेळ बघत बसला. मी गुंडाळी उचलली. ती वहिनींच्या हातासारखी कडक होती. शटर वर करून सगळे निघाले.

दुसऱ्या दिवशी मी नऊची वाट बघितली नाही. त्याने शटर उघडलं तसा आत गेलो. आरशांवरची कापडं काढून तो घड्या घालत होता. मी गुंडाळी फळीवर ठेवली. "हे घे."

"खेळातले पैसे मी परत घेत नाही."

"घे रे."

"एक सांग मला," तो म्हणाला. "पंजीच्या जोडीवर तू एवढे लावलेस. तू. तुला कसं कळलं माझ्याकडे काही नाही?"

याचं उत्तर मी तयार करून जायला हवं होतं. रात्रभर जागा होतो आणि एवढं साधं सुचलं नव्हतं. "अंदाज," मी म्हणालो.

"दाढ आवळलीस."

मी काय करावं? जमिनीकडे बघायचं होतं. पण पंचवीस वर्षांची सवय, समोर आरसा, डोळे आपोआप गेले ते त्याच्या उजव्या हातावर. कापडाची घडी धरलेली होती आणि घडीचं टोक हलत होतं. तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता, मग ते कुठे गेलेत तिकडे बघितलं. आरशात आम्ही दोघंही त्याचा हात बघत उभे होतो.

त्याने घडी खाली ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. त्या खुर्चीत बसलेलं मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. "माझ्या जागी उभा राहा," तो म्हणाला. "कंगवा घे. कात्री घे. कर, केस कापतोयस तसं कर."

मी कंगवा आणि कात्री घेऊन त्याच्या डोक्यामागे उभा राहिलो. शिंप्याच्या हातात केसांची कात्री, एरवी तो दिवसभर हसला असता. तो आरशात बघत राहिला.

"इथून माणूस दिसतच नाही रे," तो म्हणाला. "नुसते हात दिसतात."

मी कात्री ठेवली.

"मला वाटायचं आरसा माझ्यासाठी आहे. तुमचे चेहरे बघायला." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सगळ्यांना?"

"हो."

"मास्तरांचा कान. त्यांची मान नव्हती हलली."

"नाही."

"आणि त्या दिवशी मी तुला मशीन थांबव म्हणालो. चालू होतं का मशीन?"

"नव्हतं," मी म्हणालो. "वीज गेली होती."

त्याने मान हलवली. मग त्याने जांभळ्या दोऱ्याकडे बघितलं. "हिला?"

मी शपथ घेतली होती. मी बोललो नाही. पण माझा जबडा त्याच्यासमोर होता आणि तो वाचणारा माणूस होता. एवढंच मी म्हणालो, "हे वहिनींचे आहेत. कशाला जमवलेत ते त्यांना विचार."

त्याने गुंडाळी उचलून आतल्या खिशात ठेवली. खूप वेळ खिशावर हात धरून बसला. मग उठला, खुर्ची फडक्याने झटकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बस. दाढी वाढलीय तुझी."

मी बसलो. नको म्हणायला हवं होतं की बसायलाच हवं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. त्याने कापड माझ्या गळ्याभोवती बांधलं, ब्रशने फेस केला, दोन्ही गालांवर लावला. वस्तरा घेतला. करंगळी माझ्या उजव्या गालावर रोवली. मी नेहमीसारखा श्वास धरला.

"सोड तो," तो म्हणाला. "दर वेळी धरतोस, कळत होतं मला. मला वाटायचं तुला वस्तऱ्याची भीती वाटते."

मी श्वास सोडला. त्याने उजवा गाल केला. सावकाश केला, पण कुठे लागलं नाही. मग तो डाव्या बाजूला आला, करंगळी टेकवली, आणि आरशात बघितलं. मी बघत होतो. डोळे मिटायला हवे होते, मला सुचलं नाही. हात हलायला लागला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी वस्तऱ्याचं पातं फेसात बारीक बारीक रेघा काढत राहिलं.

"तुम्ही बघत नाही असं वाटायचं तोवर जमत होतं," तो म्हणाला.

त्याने वस्तरा मिटला. टॉवेलने माझ्या डाव्या गालावरचा फेस पुसून काढला, नीट, कानाच्या पाळीपर्यंत, आणि कापडाची गाठ सोडली. "उरलेली घरी कर," तो म्हणाला. मी पैसे काढले, ते त्याने घेतले नाहीत. मी बाहेर पडलो तेव्हा मागे शटर ओढल्याचा आवाज आला.

त्याच महिन्यात वहिनी त्याला इस्पितळात घेऊन गेल्या, कंबर न सांगता. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, हात आहे तिथे राहिला तरी पुष्कळ. दुसऱ्या खुर्चीवर माणूस आला नाही, आणि पहिल्या खुर्चीवरही आता वर्तमानपत्रं आहेत. कारागीर दुपारी येऊन बाकावर बसतो, माझं मशीन ऐकतो. मी ते हळू चालवायला गेलो तर पलीकडून टकटक करून म्हणतो, "चालव जोरात, कशाला थांबतोस."

पण मला सारखी आठवते ती त्या दिवसाची दाढी. घरी जाऊन मी डावा गाल केला नाही. हातच उचलला नाही. एक बाजू गुळगुळीत आणि एक बाजू वाढलेली, असा मी त्या दिवशी दुकानात बसलो, दुसऱ्या दिवशीही बसलो. गिऱ्हाइकं आली, मापं देऊन गेली. मास्तर आले, विमावाला आला. घरी आमच्या हिने समोर चहा ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिली. सगळ्यांना दिसत होतं. कोणी काही विचारलं नाही.